सोडियम कमी झालं, मग मीठ का नाही द्यायचं?

प्रश्न : आई 71 वर्षांची आहे, वजन 48 किलो. वडील गेल्यापासून तिची झोप आणि जेवण दोन्ही उडालं होतं. दिवसभर चहा-खारीवर असायची. मानसोपचारतज्ज्ञांनी एप्रिलच्या सुरुवातीला एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलिग्रॅम सुरू केली. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 अशी एकत्र गोळी सहा वर्षं चालू होती. ऊन फार म्हणून मीच तिला दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला लावत होते. अठराव्या दिवशी मळमळ सुरू झाली, चालताना तोल जायला लागला, आणि एका सकाळी रिकामं पातेलं गॅसवर ठेवून ती दूध उतू जायची वाट बघत उभी होती. सोडियम 122 निघालं. लघवीची ऑस्मोलॅलिटी 480, लघवीतलं सोडियम 62. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, 128 वर आल्यावर घरी सोडलं. दोन्ही गोळ्या बंद करून रक्तदाबाची दुसरी दिली आहे आणि पाणी दिवसाला एक लिटरच सांगितलं आहे. शेजारच्या काकू म्हणतात, ओआरएस आणि शहाळं द्या. भाऊ म्हणतो, मनाची गोळी म्हणजे विष, पुन्हा नकोच. मनाच्या गोळीचा आणि मिठाचा संबंध काय? सोडियम कमी आहे तर मीठ का नको? आणि या उन्हात एक लिटरवर कसं भागवायचं?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई, सगळ्यात आधी हे : पाणी पाजून तुम्ही चूक केलीत असं मनात धरून बसू नका. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला पाणी प्यायला लावणं हे कुठल्याही घरात योग्यच मानलं जातं. त्याच वेळी पोटात दोन अशा गोळ्या होत्या की ते पाणी बाहेर पडायची वाट अडली. आता ती वाट कशी अडली ते नीट समजून घ्या, म्हणजे काकूंना काय सांगायचं आणि भावाला काय सांगायचं हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

रिपोर्टवरचं सोडियम म्हणजे अंगात एकूण मीठ किती, याचा आकडा नव्हे. एक लिटर रक्तद्रवात किती सोडियम विरघळलं आहे, तेवढंच तो सांगतो. नेहमीची मर्यादा 135 ते 145. वरणात मीठ बरोबर पडलं असेल आणि मागून कुणी दोन तांबे पाणी ओतलं, तर वरण अळणी लागतं. मीठ कुठे गेलेलं नसतं. आईंच्या वयाला आणि वजनाला शरीरात साधारण साडेएकवीस लिटर पाणी असतं. सोडियम 138 वरून 122 वर आलं, आणि सगळा फरक पाण्यामुळेच पडला असं धरलं, तर जवळजवळ पावणेतीन लिटर जास्तीचं पाणी अंगात साठलं होतं. थायझाइडमुळे, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीतल्या हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे, थोडं मीठही गेलं असणार, म्हणून हा हिशेब ढोबळच. पण दिशा कळते.

मग पाय का सुजले नाहीत? कारण असं साठलेलं पाणी रक्तात राहत नाही. त्याचा दोन तृतीयांश भाग पेशींच्या आत शिरतो आणि रक्तद्रवाच्या वाट्याला जेमतेम बारावा हिस्सा येतो. म्हणजे पावणेतीन लिटरपैकी पाव लिटरही नाही. फुगतात त्या पेशी, आणि कवटीच्या आत फुगायला जागा नसते. मळमळ, जाणारा तोल, रिकामं पातेलं, हे सगळं तिथून आलं.

आता मनाच्या गोळीकडे. ती काम करते सेरोटोनिनवर. सेरोटोनिनला आपण ‘मूडचं रसायन’ म्हणून ओळखतो, पण ते पहिल्यांदा सापडलं रक्तात. 1948 साली क्लीव्हलंडमध्ये रक्तवाहिन्या आकुंचित करणारं द्रव्य म्हणून ते वेगळं काढलं गेलं, आणि ‘सीरम’ व ‘टोनस’ या शब्दांवरून त्याचं नाव पडलं. मेंदूत ते आहे हे 1953 मध्ये कळलं. आजही शरीरातल्या सेरोटोनिनचा नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा आतड्यात असतो, आणि तो मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूला लागणारं सेरोटोनिन मेंदूच तयार करतो. ते काम मुख्यतः मेंदूच्या देठात, अगदी मधल्या रेषेवर असलेल्या पेशींच्या पुंजक्यांत चालतं. त्यांना रॅफे केंद्रं म्हणतात. ग्रीकमध्ये रॅफे म्हणजे शिवण. या शिवणीतून निघालेले धागे झोप, भूक, मन यांच्या भागांत जातात, तसेच तहान आणि मीठ-पाणी सांभाळणाऱ्या भागांतही जातात.

गोदावरीला पाणी वाढलं की नाशिककर विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. शरीरातही अशी एक खूण आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या भिंती. रक्त वाढलं की त्या ताणल्या जातात आणि व्हेगस या चेतेतून मेंदूच्या देठाला खबर जाते. रॅफेमधल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी या खबरीने जाग्या होतात आणि पुढे हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या तहान-पाणी सांभाळणाऱ्या केंद्राला, निरोप देतात : भांडं भरलं. त्या निरोपाचा एक परिणाम म्हणजे अलिंदातून एएनपी नावाचं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड मीठ बाहेर टाकू लागतं. हे संप्रेरक 1981 मध्ये कॅनडात डी बोल्ड यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. उंदरांमध्ये पृष्ठभागाकडच्या रॅफे केंद्राला इजा केली, की रक्त वाढवूनही एएनपी पुरेसं सुटत नाही. दुसरा परिणाम मिठाच्या ओढीवर होतो. देठातल्या पॅराब्रेकियल केंद्रात सेरोटोनिन ही ओढ दाबून धरतं. तिथलं सेरोटोनिनचं काम औषधाने रोखलं, तर मिठाची गरज लागलेले उंदीर खारं पाणी कितीतरी जास्त पितात.

म्हणजे सेरोटोनिन हे या यंत्रणेतलं ‘आता पुरे’ सांगणारं माणूस आहे. मीठ खाणं आवर आणि असलेलं सोड, असं ते सांगतं.

पण त्याचा तिसराही एक हात आहे, आणि आईंना तोच नडला. हायपोथॅलॅमसमध्ये सेरोटोनिन वाढलं की व्हॅसोप्रेसिन सुटायला चालना मिळते. व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांमध्ये पाण्याची दारं उघडतं आणि लघवीत जाणारं पाणी परत रक्तात ओढून घेतं. एरवी त्यावर कडक पहारा असतो. रक्ताचा खारटपणा एक-दोन टक्क्यांनी उतरला तरी व्हॅसोप्रेसिन थांबतं आणि पातळ, पाण्यासारखी लघवी होऊन जास्तीचं पाणी निघून जातं. (रक्त कमी झाल्याची दखल घ्यायला मात्र सात-आठ टक्के तरी घट व्हावी लागते. खारटपणाचं मोजमाप इतकं बारीक आहे.) एस्सिटॅलोप्रॅम चेतापेशींच्या सांध्यांत सेरोटोनिन जास्त वेळ टिकवते, आणि काही माणसांत त्यामुळे व्हॅसोप्रेसिन थांबायच्या वेळी थांबत नाही. आईंच्या कागदावर हे स्वच्छ दिसतं आहे. रक्त इतकं पातळ असताना लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात विरघळलेल्या कणांचं माप, 100 च्या खाली असायला हवी होती, ती 480 आहे. धरण भरलेलं आणि दरवाजे बंद, अशी अवस्था.

त्यात थायझाइड. लघवी पातळ करायचं काम मूत्रपिंडाच्या ज्या तुकड्यात होतं, तिथेच ही गोळी बसते आणि वरून मीठही घालवते. सहा वर्षं ती एकटी निभावली, दुसरी आल्यावर जोडी जमली. वय 65 च्या वर, बाई माणूस, किरकोळ अंगकाठी आणि सोबत थायझाइड : या औषधांनी सोडियम उतरण्याचा धोका वाढवणाऱ्या चारही गोष्टी आईंच्या बाबतीत होत्या. आणि उतरलंच तर बहुतेकदा पहिल्या दोन ते चार आठवड्यांतच उतरतं. अठरावा दिवस त्यातच बसतो.

चहा-खारीचाही वाटा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. मूत्रपिंडाला पाणी टाकायचं तर सोबत काहीतरी विरघळलेलं टाकावंच लागतं. मीठ, आणि प्रथिनांतून तयार होणारा युरिया. दोन वेळा वरण-भात, भाजी-पोळी जेवणाऱ्या माणसाकडे असा ऐवज दिवसाला 600 मिलिऑस्मोलच्या (विरघळलेले कण मोजायचं एकक) आसपास असतो. चहा-खारीवर तो 300 वर येऊ शकतो. लघवी 480 वर अडकली असेल, तर 600 ला सव्वा लिटर लघवी होते, 300 ला फक्त सहाशे मिलिलिटर. घाम आणि श्वासातून अजून सात-आठशे गेलं असं धरा. तीन लिटर आत आणि दीडच्या आत बाहेर. म्हणून औषधाइतकंच जेवण महत्त्वाचं आहे. रोज दोन अंडी किंवा वाटीभर पनीर, घट्ट वरण, उसळ. घट्टच म्हणायचं कारण पुढे येईल.

आता काकूंचं ओआरएस. एका लिटरच्या पाकिटात सोडियम 75, क्लोराइड 65, पोटॅशियम 20 आणि सायट्रेट 10 मिलिमोल असतं. ग्लुकोज जळून जातं, उरले 170. लघवी 480 ची असेल तर हे 170 साधारण साडेतीनशे मिलिलिटर लघवीत बाहेर पडतात आणि साडेसहाशे मिलिलिटर निव्वळ पाणी अंगात राहतं. म्हणजे ओआरएसने सोडियम आणखी उतरेल. साध्या सलाइनचंही तसंच. त्यात 308 मिलिऑस्मोल असतात. ते साडेसहाशेच्या आत बाहेर निघतात आणि साडेतीनशे पाणी मागे राहतं. म्हणून ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावून घेऊ’ म्हणून कुठेही सलाइन लावून घेऊ नका. दवाखान्यात झटके आले किंवा शुद्ध हरपत असेल तर 3 टक्क्यांचं सलाइन थोडं थोडं देतात. त्यात मीठ इतकं जास्त असतं की ते बाहेर पडताना आत गेलं त्याहून जास्त पाणी घेऊन जातं. ते काम मात्र दवाखान्याचंच.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. रक्तदाबाच्या नव्या गोळीतही टेल्मिसार्टन किंवा त्याच्या जातीचं औषध असेल तर पोटॅशियम वाढायची भीती आहे, म्हणून सध्या नको. ‘लो सोडियम’ लिहिलेलं मीठ याच कारणाने टाळा, त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. उपासाचं सैंधव म्हणाल तर तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. घरच्या स्वयंपाकात नेहमीसारखं मीठ घाला. रक्तदाब म्हणून अळणी देत असाल तर डॉक्टरांना विचारून सध्या ते थांबवा. पण वरून लोणचं-पापड वाढवू नका. तहान लागेल आणि एक लिटरची मर्यादा मोडेल. मिसळीच्या तर्रीचंही तेच : रस्सा पातळ, मीठ-तिखट चढं, आणि मागून दोन ग्लास पाणी.

हे सगळं पाणी साठलेल्या माणसासाठी आहे, हे मात्र घट्ट लक्षात ठेवा. जुलाब-उलट्या होऊन, किंवा नुसत्या थायझाइडने मीठ आणि पाणी दोन्ही गेलेल्या माणसाचंही सोडियम 122 येऊ शकतं. तिथे पाणी तोडलं तर मूत्रपिंड बसेल. तिथे मीठ-पाणीच द्यावं लागतं. दोन्हींतला फरक तपासून, तोंड-जीभ बघून, उभं आणि आडवं करून रक्तदाब मोजून, आणि लघवीच्या कागदावरून ठरतो. थायझाइड पोटात असताना काढलेलं लघवीचं सोडियम तितकं भरवशाचं नसतं. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना लघवीचं सोडियम पुन्हा बघायचं का, आणि रक्तातलं युरिक अॅसिड, टीएसएच व सकाळचं कॉर्टिसॉल झालं आहे का, एवढं विचारा. थायरॉइड किंवा अॅड्रिनल ग्रंथी मंद असली तरी असंच चित्र दिसतं.

एक लिटरवर कसं भागवायचं ते सांगतो. घरातलं फुलपात्र, चहाचा कप आणि आमटीची वाटी मोजपात्राने एकदा मोजून घ्या आणि आकडे फ्रिजवर चिकटवा. फुलपात्र दीडशेचं असतं आणि दोनशेचंही असतं. इथेच हिशेब चुकतो. रोज सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवा. आईंनी चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून द्या. ताक, सरबत, दूध, आमटी, सार, आइस्क्रीम, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. संध्याकाळी बाटली रिकामी, म्हणजे दिवसाचं पाणी संपलं. भात-पोळी-भाजीतलं पाणी धरू नका. वरण घट्ट ठेवा, म्हणजे प्रथिनं मिळतात आणि पाण्याचा वाटा खर्च होत नाही. फळ द्यायचं तर टरबूज सोडून द्या. तोंड कोरडं पडलं तर गार पाण्याने चूळ भरून टाकायची, लिंबाची फोड चोखायची किंवा आवळा सुपारी तोंडात ठेवायची. सकाळी अकरा ते चार घराबाहेर नको. कूलर किंवा पंख्यापाशी बसवा, मानेवर ओला पंचा ठेवा. घाम कमी तर तहानही कमी.

लघवी गडद पिवळी दिसली म्हणून पाणी वाढवू नका. एरवी तो चांगला इशारा असतो, पण व्हॅसोप्रेसिन अडकलेलं असताना अंग भरलेलं असूनही लघवी गडदच दिसते. त्यापेक्षा वजनकाट्यावर विसंबा. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करा. एका दिवसात एक किलो वाढलं तर एक लिटर साठलं. उलट किलोभर उतरलं आणि उठताना चक्कर येत असेल, तर पाणी जास्तच तुटतं आहे. दोन्हीत त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

सोडियमची तपासणी घरी आल्यापासून तिसऱ्या दिवशी करा, मग दर आठवड्याला, सलग दोनदा 135 च्या वर येईपर्यंत. एस्सिटॅलोप्रॅम निम्मी व्हायलाच तरुण माणसात दिवसाहून जास्त लागतो, या वयात त्याहून बराच. त्यामुळे पूर्ण सुधारायला एक-दोन आठवडे लागले तर घाबरू नका. 135 झाल्यावर पाणी एकदम मोकळं करू नका. दीड लिटर, पुन्हा तपासणी, मग पुढे. सोडियम भरभर वाढवायची घाईही नको. मेंदूतल्या पेशींनी पातळ रक्ताशी जुळवून घेतलेलं असतं. दिवसात 8 ते 10 पेक्षा जास्त चढलं तर चेतातंतूंवरचं आवरण निसटू शकतं, आणि बोलणं जड होणं, गिळता न येणं असं काहीतरी दोन-चार दिवसांनी दिसतं. आईंचं दोन दिवसांत 6 ने चढलं, ही चाल चांगली आहे. पुन्हा गोंधळ, सतत उलट्या, झोपेत गेल्यासारखं होणं, पडणं किंवा झटका, यांपैकी काहीही झालं तर तपासणीची वाट न बघता थेट आपत्कालीन विभागात न्या आणि दारातच सांगा : सोडियम 122 झालं होतं.

औषधांच्या डब्यातलीही थोडी साफसफाई करा. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. गोळ्यांच्या पाकिटावरची घटकांची ओळ वाचा. क्लोर्थालिडोन आणि इंडापामाइडही त्याच पंगतीतले. ही आईंना पुन्हा कधीही सुरू होऊ नयेत, असं फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन व्हॅसोप्रेसिनचा जोर वाढवते. ट्रॅमाडॉल सेरोटोनिन वाढवते. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

राहिला भाऊ. त्यांची भीती खरी आहे, पण निष्कर्ष चुकला आहे. आईंची झोप उडाली, जेवण सुटलं, त्या चहा-खारीवर आल्या, हा आजारच होता. तो तसाच राहिला तर जेवण पुन्हा तुटेल, आणि वर पाहिलंत तसं त्यानेही सोडियम उतरायला मदत होते. उपचार हवेतच, औषध बदलून. मिर्टाझापिनमध्ये सोडियम उतरण्याचा धोका बराच कमी असतो आणि झोप व भूक सुधारायला तिचा उपयोगही होतो. बुप्रोपिऑनचाही धोका कमी, पण ती प्रत्येकाला चालत नाही. समुपदेशनाला तर हा धोका नाहीच. निवड मानसोपचारतज्ज्ञांची. तुम्ही एक कागद बरोबर न्या : वजन, सोडियमचे सगळे आकडे तारखांसह, लघवीचे दोन आकडे, बंद केलेल्या गोळ्या आणि नवी गोळी. आणि नवं औषध कोणतंही असो, सुरू करायच्या आदल्या दिवशी, एका आठवड्याने, दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी सोडियम बघायचं, हे चिठ्ठीवरच लिहून घ्या. ही तपासणी कोणत्याही साध्या लॅबमध्ये होते आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो.